लवकर वाजतो तो खरा? एनपीसीआयच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.



पत्रास कारण की, "ताई, ह्यातलं कुठलं घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते तुमच्याजवळ असावं असा माझा समज आहे.

मी वाईची. एका पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं रोखपाल होते. निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी मोबाईलचा वर्ग घेते. वर्ग म्हणजे दहा-बारा माणसं, सगळी साठीच्या पुढची, आणि प्रत्येकाच्या हातात मुलानं नवा घेतल्यावर उरलेला जुना फोन. काच तडकलेली, आवाज बारीक, आणि नातवानं टाकून ठेवलेल्या तीन खेळांनी जागा भरलेली. पहिल्या दहा मिनिटांतच प्रश्न येतो. मुलगा म्हणतो फोनपे घ्या, जावई म्हणतो गुगल पे चांगलं, शेजारी म्हणतो पेटीएम सगळ्यांच्या आधीपासूनचं. बँकेत गेलं की काउंटरवरची मुलगी सांगते, आमचंच ॲप आहे की. मग सगळे माझ्याकडे बघतात. पैशाच्या पेटीमागे आयुष्य काढलेल्या बाईला हे ठाऊक असणारच, असा त्यांचा विश्वास.

बरीच वर्षं मी सांगायचे, "कुठलंही घ्या, सगळी सारखीच." हे अर्धंच खरं होतं, हे मला उशिरा कळलं.

माझं स्वतःचं पहिलं मोबाईल पाकीट 2016 च्या नोव्हेंबरातलं. 8 तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या. चलनातल्या एकूण रकमेच्या 86 टक्के. 14 तारखेला जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई झाली, आणि आमच्यासारख्या पतसंस्थांचे, ज्यांचा सगळा व्यवहार जिल्हा बँकेतून, हातपायच गळाले. काउंटरच्या त्या बाजूला स्वतःचेच पैसे मागणारी माणसं, या बाजूला रिकामा गल्ला आणि मी. त्या दिवसांत संस्थेतल्या एका तरुण मुलानं माझ्या फोनवर एक पाकीट बसवून दिलं. मी त्यात हजार रुपये भरले आणि मोठ्या ऐटीत औषधं आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "बाई, हे नाही चालत माझ्याकडं. माझं दुसऱ्या कंपनीचं आहे." एका पाकिटातले पैसे दुसऱ्या पाकिटात जात नव्हते. एकाच पेठेत प्रत्येक दुकानाचं वेगळं नाणं असावं तशी गत. त्या काळी कुठलं पाकीट घ्यायचं हा प्रश्न सोपा होता. औषधवाला जे घेतो ते घ्यायचं.

गंमत अशी की तुमची यूपीआय तेव्हा जन्मलेली होती. 11 एप्रिल 2016 ला मुंबईतच रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं होतं, ऑगस्टमध्ये बँकांची ॲप्स बाजारात आली होती. पण ही बातमी वाईपर्यंत पोचली ती 30 डिसेंबरला, भीम ॲप आलं तेव्हा. मधल्या दीड-दोन महिन्यांत माणसांनी घाबरून पाकिटं घेतली. बाजार ज्यांनी मारायचा त्यांनी मारला.

त्या पाकिटांची आज काय अवस्था आहे ते बघितलं तर स्मशानात हिंडल्यासारखं वाटतं. केनियात घरोघरी पोचलेलं एम-पेसा व्होडाफोननं 2013 मध्ये आपल्याकडे आणलं. कंपनीनंच परवाना परत केला आणि 2020 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं तो रद्द केल्याचं जाहीर केलं. स्टेट बँकेचं 'बडी' 2015 मध्ये आलं, 2018 च्या नोव्हेंबरअखेर गेलं. फ्रीचार्ज आधी स्नॅपडीलकडे आणि 2017 मध्ये 385 कोटींना ॲक्सिस बँकेकडे गेलं. माझं पाकीट कुठल्या कंपनीचं होतं ते सांगत नाही, कारण चूक माझीही आहे. फोन बदलला, ॲप परत घातलं नाही, आणि आत 212 रुपये राहिले. रक्कम किरकोळ आहे. पण अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी गल्ला पैशापैशाला जुळवून घरी गेलेल्या बाईला 212 रुपये म्हणजे दातात अडकलेलं सुपारीचं खांड.

वर्गात मी आधी हाच फरक समजावते, कारण तो कुणीच समजावत नाही. पाकीट म्हणजे आगाऊ भरलेले पैसे. बँकेतून निघाले, कंपनीच्या नावानं वेगळ्या खात्यात ठेवले गेले, त्यावर व्याज नाही, आणि बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून जे पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे तेही या पैशांना नाही. केवायसी अर्धवट असेल तर दहा हजारांपर्यंत ठेवता येतात, पूर्ण असेल तर दोन लाखांपर्यंत. यूपीआय ॲपमध्ये मात्र पैसे नसतातच. ते ॲप फक्त बँकेला सांगतं, अमक्याला एवढे दे. हे सांगितल्यावर एक काका हमखास विचारतात, "म्हणजे फोनपेत माझे पैसे नाहीत?" नाहीत. "मग ते चाळीस हजार दाखवतंय ते?" ते तुमच्या बँकेतले. काकांचा जीव भांड्यात पडतो आणि ते खात्री म्हणून पुन्हा एकदा शिल्लक बघतात. तुम्ही ऑगस्ट 2025 पासून एका ॲपवरून दिवसाला पन्नासच वेळा शिल्लक बघता येईल असा नियम केलात, तेव्हा तुमच्यासमोर हेच काका असावेत.

हा फरक न कळल्यानं काय होतं ते 2024 मध्ये दिसलं. 31 जानेवारीला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले, आणि 15 मार्चनंतर तिथल्या खात्यात आणि पाकिटात नवे पैसे भरणं बंद झालं. पेटीएमचं यूपीआय ॲप मात्र दुसऱ्या बँकांच्या आधारानं चालू राहिलं. 14 मार्चला तुम्हीच तशी मंजुरी दिलीत. पण आमच्याकडे बातमी पोचली ती "पेटीएम बंद झालं" एवढीच. दोन शनिवार मी दुसरं काही शिकवू शकले नाही. कुणी ॲप काढून टाकलं, कुणी त्यातले पैसे 'काढून द्या' म्हणून अनोळखी माणसाच्या हातात फोनच दिला. ॲप वेगळं, पाकीट वेगळं, बँक वेगळी, आणि तिन्हींवर नाव एकच. या गोंधळाला अडाणीपणा म्हणू नका. पाटीच तशी रंगवलेली आहे.

आता आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे चला. त्यांच्या गाडीवर तीन स्टिकर आहेत आणि दोन बोलणारे डबे. तसं बघितलं तर एकही पुरेसा आहे. कुठल्याही यूपीआय ॲपनं कुठलाही यूपीआयचा क्यूआर वाचता येतो. मग तीन कशाला? "तीन पोरं आली, तिघं चिकटवून गेली. पोरास्नी टारगेट असतं, कुठं नाय म्हनू?" डब्यांचं मात्र त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. गिऱ्हाईक म्हणतं "पाठवले", आणि उघड्यावर, उन्हात, एका हातात मेथीची जुडी असताना मावशी फोन बघू शकत नाहीत. खोटा स्क्रीनशॉट दाखवून पोरं निसटतात. त्यामुळे डबा बोलला की पैसे आले, न बोलला की नाही आले. मी त्यांना विचारलं, दोघांतला कुठला चांगला? त्यांनी एकाकडे बोट दाखवलं. "ह्यो लवकर वाजतो. त्यो दुसरा म्हातारा झालाय, दमानं बोलतो. तवर गिऱ्हाईक पुलापल्याड."

लवकर वाजतो तो खरा. दहा वर्षांत निवडीची जेवढी कारणं मी ऐकली, कॅशबॅक, रंग, जावयाचं मत, त्यात हे सगळ्यात शहाणपणाचं. कारण ते मावशींनी स्वतः मोजून काढलेलं आहे. त्यासाठी त्या दर महिन्याला भाडंही मोजतात.

बाकीच्यांची कारणं काय होती म्हणता? 2019 ची दिवाळी आठवा. गुगल पेनं पणती, फूल, कंदील, झुमका आणि रांगोळी असे पाच शिक्के गोळा करायला लावले होते, पाचही जमले की 251 रुपये. चार सगळ्यांना मिळाले. रांगोळी कुणाला मिळेना. आमच्या आळीत, जिथे दारोदार खरी रांगोळी काढलेली, तिथल्या बायका एकमेकींना "तुझ्याकडं जास्तीची रांगोळी आहे का गं?" असं फोनवर विचारत होत्या. त्या आठवड्यात निम्म्या आळीनं ॲप बदललं. त्यानंतर स्क्रॅचकार्डं आली. आता ती खरवडली की कुठल्याशा दुकानाची सवलत निघते, जिचा आम्हाला काही उपयोग नसतो. पण तोवर सवय जडलेली असते आणि पैसे पाठवण्याच्या ओळखीच्या माणसांची यादी त्याच ॲपमध्ये बसलेली असते.

म्हणून मी सांगायचे, सगळी सारखीच. रूळ तुमचे, डबे वेगवेगळे. कुठल्याही डब्यात बसा, साताऱ्याला पोचाल.

हे कुठे चुकलं ते सांगते. मागच्या वर्षी माझ्या बहिणीच्या तपासण्यांचे 1,850 रुपये मी यूपीआयनं दिले. खात्यातून गेले, प्रयोगशाळेला मिळाले नाहीत. फोनवर पिवळं चिन्ह, 'प्रक्रिया सुरू आहे'. काउंटरवरच्या मुलीनं नम्रपणे रोख मागितले, मी दिले. दुसऱ्या दिवशी ॲपच्या मदतीच्या पानावर गेले. तिथे माणूस नव्हता, गप्पा मारणारं यंत्र होतं, आणि त्याला इंग्रजी आणि हिंदीच येत होतं. ते म्हणालं, तुमच्या बँकेशी संपर्क साधा. बँकेत गेले. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून गेलेत. ॲपवाल्यांना विचारा." अकरा दिवस हे असं चाललं. बाराव्या दिवशी पैसे आपोआप परत आले. एक ओळीचा संदेश, क्षमा नाही, कारण नाही.

मी नियम शोधले, रोखपालाची खोड. रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे. दुकानाला दिलेले पैसे अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत आले पाहिजेत, आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. व्यक्तीला पाठवलेल्या पैशांसाठी ही मुदत एकच दिवसाची. मला न मागता काही मिळालं नाही, तेव्हा मी मागितली. लेखी, तारखांसह. आणखी सोळा दिवसांनी सहाशे रुपये जमा झाले. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा कुणाचाच विश्वास बसेना. त्यातल्या निम्म्यांचे कधी ना कधी पैसे अडकले होते. भरपाईचा नियम आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या वर्गातल्या एका बाईंचे पैसेही अडकले होते, दुसऱ्या ॲपवर. त्यांनी तक्रारीचं बटण दाबलं, क्रमांक आला, तिसऱ्या दिवशी पैसे परत. त्यांची बँक निराळी होती हे मला मान्य आहे. पण ॲपमधली तक्रारीची वाट तीन पायऱ्यांची होती आणि माझी अकरा पायऱ्यांची, तीही शेवटी भिंतीत जाणारी. तेव्हा मला कळलं की पैसे जात असतात तोवर सगळी सारखीच असतात. अडकले की ती सारखी राहत नाहीत. आणि निवड करताना, म्हणजे ॲप उतरवून घेताना, हा फरक कुठेच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट दिसत नाही. पैसे अडकले की लोक ॲप बदलतात, आणि चूक बऱ्याचदा बँकेची असते. एका व्यवहारात देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक, ॲपच्या पाठीशी उभी असलेली बँक आणि तुम्ही, असे चार खांदेकरी. एक लंगडला तरी पालखी थांबते. पाठीशी बँक असते हेच मुळात लोकांना कळलं ते 5 मार्च 2020 ला, येस बँकेवर निर्बंध आले आणि तिच्या एकटीच्या भरवशावर असलेलं फोनपे दुसऱ्या दिवशी ठप्प झालं. ज्यांचा येस बँकेत एक रुपयाही नव्हता त्यांचे दूधवाले थांबले. नंतर ॲपवाल्यांनी दोन-तीन बँका धरल्या, हे चांगलं झालं. आज मी वर्गात यूपीआय आयडीच्या शेवटी काय लिहिलंय ते वाचायला शिकवते. वायबीएल म्हणजे येस बँक, ओकेएसबीआय म्हणजे स्टेट बँक. बायकांना हे आवडतं. माहेर-सासर विचारल्यासारखं वाटतं.

आता थोडं तुमच्याविषयी. राग मानू नका.

कुठलं घ्यावं हे आम्हाला ठरवता येत नाही, पण तुम्हालाही ते साधलेलं नाही. 5 नोव्हेंबर 2020 ला तुम्ही जाहीर केलंत की कुठल्याही एका ॲपकडे यूपीआयच्या एकूण व्यवहारांपैकी 30 टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत. एकाच्या खांद्यावर सगळा भार नको, ही काळजी रास्त आहे. येस बँकेचा प्रसंग त्याच वर्षातला. ज्यांचा वाटा आधीच जास्त होता त्यांना 2022 च्या अखेरपर्यंत मुदत दिलीत. मग ती 2024 च्या अखेरपर्यंत गेली. 31 डिसेंबर 2024 ला, अगदी शेवटच्या दिवशी, ती 2026 च्या अखेरपर्यंत गेली. पतसंस्थेत असा कर्जदार आला असता तर आम्ही त्याला 'नवं-जुनं करणारा' म्हटलं असतं. दरम्यान, वॉलमार्टची मालकी असलेलं फोनपे आणि गुगल पे या दोघांकडे मिळून 2025 मध्ये ऐंशी टक्क्यांच्या वर व्यवहार होते.

तुमची अडचण मला कळते. मोठ्या ॲपला नवीन माणसं घेऊ नका म्हणावं, तर उद्या आमच्या मावशींना कुणी सांगायचं की तुमचा लवकर वाजणारा डबा भरला, आता म्हाताऱ्याकडे जा? ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. एवढी जत्रा हुकमानं दुसरीकडे वळत नसते. माणसं वळतात ती कारण दिसलं की. आमच्यापुढे ते कारण मांडलेलं नाही, एवढंच माझं म्हणणं. ज्या बाईंचे पैसे तिसऱ्या दिवशी परत आले त्यांचं ॲप वर्गातल्या पाच जणांनी त्याच शनिवारी घेतलं, 251 रुपयांच्या रांगोळीशिवाय.

दुसरं, हे सगळं फुकट आहे, आणि फुकटाची किंमत कुठून निघते हेही निवडताना कळायला हवं. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. सरकार छोट्या व्यवहारांसाठी बँकांना आणि ॲपवाल्यांना थोडं अनुदान देतं. मावशींच्या दृष्टीनं हे उत्तमच; वीस रुपयांच्या कोथिंबिरीवर कुणाला टक्का द्यायचा? पण ॲपवाल्यांना पगार तर द्यावे लागतात. म्हणून पैसे पाठवायचं बटण शोधताना मध्ये कर्ज येतं, सोनं येतं, विमा येतो. आमच्या वर्गातल्या एका निवृत्त शिक्षकांनी विजेचं बिल भरायला ॲप उघडलं आणि कर्ज मंजुरीच्या तिसऱ्या पानापर्यंत पोचले. त्यांना वाटलं, बिल भरायला एवढं विचारतच असतील. पॅन क्रमांक मागितला तेव्हा ते थबकले, आणि तो पाठ नव्हता म्हणून वाचले. एखाद्या ॲपवर असा एक फलक आहे, एखाद्यावर नऊ. माझ्यासारखीनं ॲप तोलायचं तर मी आधी हे फलक मोजते. तुमचं भीम त्या मानानं स्वच्छ आहे हे मी मोकळेपणानं सांगते, मराठीतही बोलतं. पण ते घेणारा माणूस मला महिन्याला एखादाच भेटतो, कारण त्याची शिफारस करणारा जावई नाही.

तर मागणं काय? फार नाही.

तुमच्या संकेतस्थळावर दर महिन्याला आकडे येतात हे मला ठाऊक आहे. कुठल्या ॲपवरून किती व्यवहार झाले, कुठल्या बँकेचे किती टक्के तांत्रिक कारणानं फसले. मी ते बघितले आहेत, आणि हिशेबात मुरलेली असूनही मला ते उलगडायला दोन संध्याकाळी लागल्या. इंग्रजी, आद्याक्षरं, तक्ते. ही माहिती बँकवाल्यांसाठी आहे. तुम्ही प्रत्येक ॲपला एवढंच बंधन घाला की पहिल्यांदा उघडल्यावर, बँक जोडायच्या आधी, माणसानं निवडलेल्या भाषेत चार ओळी दिसल्याच पाहिजेत: या ॲपच्या पाठीशी कुठल्या बँका आहेत, मागच्या तीन महिन्यांत अडकलेले पैसे साधारण किती दिवसांत परत मिळाले, तक्रारीसाठी जिवंत माणसाचा फोन कुठला, आणि ही कंपनी तुमच्या व्यवहारांवरून तुम्हाला कर्ज विकते का. सिगारेटच्या पाकिटावर चित्र छापायला लावता येतं तर हे का नाही?

आणि भरपाई. पाच दिवस उलटल्यावर पिवळं चिन्ह तसंच राहिलं तर त्याच्याच खाली आकडा चढताना दिसू दे: आज शंभर, उद्या दोनशे. रिक्षाच्या मीटरसारखा. नियम तर आहेच, फक्त तो डोळ्यांसमोर फिरू दे. मग बघा कुठलं यंत्र किती दिवस गप्पा मारतं.

तुम्ही काही चांगलं केलं नाही असं नाही. ओळखीचा असल्याचं भासवून पैसे 'मागणारी' विनंती पाठवायची आणि समोरच्याला पिन टाकायला लावायचा, या फसवणुकीत आमच्या इथल्या दोघी गेल्या होत्या. व्यक्ती-व्यक्तीतली ती विनंती तुम्ही 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केलीत, त्या दिवशी मी वर्गात पेढे वाटले. भिंतीवरची 'पैसे घ्यायला पिन लागत नाही' ही पाटी आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा क्रमांक मी तरीही काढलेला नाही. चोर नव्या वाटा शोधतात.

सध्या शनिवारी कुणी "कुठलं घेऊ?" म्हटलं की मी काय सांगते ते ऐका, म्हणजे चुकत असेन तर दुरुस्त कराल. दोन ॲप ठेवा, दोन वेगळ्या बँकांशी जोडलेली. एक ठप्प झालं की दुसरं. रोजच्या भाजी-दुधाला यूपीआय लाइट सुरू करा, त्यात पाचशे-हजारच ठेवा. मर्यादा पाच हजारांची आहे, पण तिथे पिन विचारत नाहीत, म्हणजे ते खिशातलं पाकीटच समजा आणि खिशात ठेवाल तेवढेच तिथे ठेवा. आयुष्यभराची पुंजी ज्या खात्यात आहे ते खातं कुठल्याच ॲपला जोडू नका. वेगळं छोटं खातं काढा. कंपनीच्या पाकिटात पैसे भरायचेच झाले तर ते संपतील एवढेच भरा. आणि ॲप घेतल्यावर पहिल्या दिवशी, पैसे पाठवायच्या आधी, तक्रारीचं बटण शोधून दाखवा. ज्या ॲपमध्ये ते दोन मिनिटांत सापडत नाही ते त्याच वेळी काढून टाका. मागच्या शनिवारी बारा जणांपैकी सात जणांना सापडलं. पाच जण अजून शोधताहेत.

धोम धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतून येणाऱ्या दोघींसाठी मात्र माझ्याकडे सल्ला नाही. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे आणि घरी रेंज धरेल तेव्हा. अशा फोनसाठी तुम्ही मार्च 2022 मध्ये 123पे आणलंत. त्याबद्दल मला सांगणारा माणूस आजवर आमच्या तालुक्यात आलेला नाही. स्टिकरवाली पोरं तीन आली. तुमचं एकही पोरगं येऊ द्या. शनिवारी दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या मागच्या दारानं. चहा आम्ही ठेवू.

आपली,
एक निवृत्त रोखपाल,
वाई, जि. सातारा

ता. क. पत्र लिहून झाल्यावर मावशींकडे गेले होते. म्हाताऱ्या डब्याचं भाडं त्यांनी थांबवायला सांगितलंय. त्यासाठी कुठे फोन करायचा ते स्टिकरवर लिहिलेलं नाही, त्यामुळे तो अजून गाडीवरच आहे, आणि भाडंही कापलं जातंय.